देवीच्या डाव्या अंगाला

जव्हार
ता. ५ डिसेंबर १९५४

ती. राहीताईस,
रघूचा नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. नागली झोडून झाली, भिकादाजींची पाठ आता बरी आहे, वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे तानी आणि मी खुशाल. थंडी फार पडली आहे. सकाळच्या प्रार्थनेला पोरं कुडकुडत उभी राहतात आणि "जनगणमन" भलत्याच जलद म्हणून टाकतात.

आता मुख्य गोष्ट. सव्वीस जानेवारीला जव्हारात मोठा मेळा भरायचा आहे. संस्थान विलीन झालं त्याला आता सात वर्षं होतील. त्याआधी इकडे संस्थान आणि आपलं मोखाडं इंग्रजी हद्दीत. एकाच डोंगरातली माणसं, पण एकमेकांना परमुलखातली. आता सगळा एकच ठाणे जिल्हा. तेव्हा दोन्हीकडच्या गावांनी एकत्र यावं आणि आपल्या वाडवडिलांचं जे काही असेल ते सगळ्यांना दाखवावं, अशी कल्पना निघाली. कोणी तारपा वाजवत येणार, कोणी जुन्या तलवारी, कोणी लग्नाच्या चौकाची चित्रं. त्यासाठी कमिटी झाली आहे आणि आमच्या हेडमास्तरांनी चिटणीस म्हणून माझं नाव घातलं आहे. तुझा भाऊ आता चिटणीस झाला, बाजारात सांग सगळ्यांना!

पहिल्याच बैठकीत मी उंबरपाड्याच्या जगदंबेचं नाव काढलं. गंमत अशी की अर्ध्या लोकांना बोहाडा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, चैत्रात आमच्याकडे देवांची सोंगं निघतात, गणपतीपासून रावणापर्यंत. एकेक सोंग एकेका घराकडे असतं, बापाकडून मुलाकडे जातं. आणि शेवटच्या दिवशी सूर्य उगवताना देवी निघते. ती देवी आमच्या घरची. पणजोबांनी शिवणीच्या लाकडातून तिचा मुखवटा कोरला. ताई, सगळे कान देऊन ऐकत होते.

बा गेल्यापासून बोहाडा बंद आहे आणि मुखवटा कणगीत गुंडाळून पडला आहे. नाचायला कोणी नको. नुसता मुखवटा पाठव. मांडवात टेबलावर लाल कापड घालून ठेवू. खाली मी चांगल्या अक्षरात सगळी माहिती लिहीन. दाजींच्या हाती पाठवलास तर मी एस. टी.वर घ्यायला येईन.

तुझा,
रघू

*

उंबरपाडा, खोडाळ्याजवळ
ता. १४ डिसेंबर

चि. रघूस,
राहीचा आशीर्वाद. तानीलाही सांग.

पत्र बाजाराच्या दिवशी हातात पडलं. चिटणीस झालास, फार आनंद झाला. मी हिरीला आणि रामीला वाचून दाखवलं. हिरी म्हणाली, चिटणीस म्हणजे मामलेदारापेक्षा मोठा का? मी म्हटलं, थोडा खाली.

तारपावाले येतील. मी बोलले त्यांच्याशी. त्यांना दोन दिवस जेवण आणि निजायला जागा बघून ठेव.

मुखवट्याचं जमणार नाही. देवी टेबलावर बसत नाही. ती माणसाच्या अंगावरच बाहेर निघते. हे तुला मी सांगायला नको. आणखी विचारू नकोस.

म्हैस गाभण आहे. या वर्षी वाल चांगला आला आहे, पाठवते. सवड काढून दोन दिवस घरी ये.

राही

*

जव्हार
ता. २० डिसेंबर

ती. ताईस,

वाल मिळाला. पत्रही मिळालं, पण ते वालापेक्षा लहान होतं.

"आणखी विचारू नकोस" असं तू मला कधी लिहिलं नव्हतंस. मी सुट्टीत घरी यायचो तेव्हा पाटीवर तुला अक्षरं काढायला शिकवली ती काय यासाठी?

मला कळतं आहे, ताई. तूही शेवटी बाचीच लेक. मी सात-आठ वर्षांचा असताना अंगणात सगळी पोरं डोक्यावर सुपं बांधून देवी-देवी खेळत होती. मीही बांधलं. तापात गेलेला हा डावा पाय ओढत दोन पावलं टाकली, आणि बाने येऊन माझ्या डोक्यावरचं सूप काढलं. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून मला जव्हारला मामाकडे घेऊन आला आणि शाळेत घातलं. तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं. धडधाकट मुलगा असता तर देवी दिली असती. लंगडा निघाला म्हणून शाळा दिली.

शाळेने माझं भलंच केलं, तक्रार नाही. पण या पायाने देवी अंगावर घेता आली नाही, तर निदान या हाताने तिची माहिती लिहावी, एवढंच मागितलं होतं. तेही जमणार नाही. काल बैठकीत मी सांगितलं की मुखवटा येत नाही. त्यावर कमिटीतले वकीलसाहेब हसले. म्हणाले, "मास्तर, घरची देवी घरच्यालाच मिळत नाही म्हणजे कमाल आहे."

त्या टेबलावर आता तलवारी मांडणार आहेत.

रघू

*

उंबरपाडा
ता. २ जानेवारी १९५५

चि. रघूस,

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला. मग रडू आलं. मग परत राग आला. दोन दिवस थांबून लिहिते आहे.

तुला सांगायचं नव्हतं. पण तू भलतंच मनात घेतलंस, म्हणून आता सगळं सांगते.

दिवाळीच्या वेळी पंच बसले. बोहाडा किती वर्षं बंद ठेवायचा, असं सगळे म्हणाले. पोरं ठाण्या-भिवंडीकडे कामाला जातात, त्यांना सोंगांची नावंही येत नाहीत. या चैत्रात करायचाच, असं ठरलं. मग देवीचा प्रश्न आला. देवी नसेल तर बोहाडा संपवायचा कसा? बुधीचा सासरा म्हणाला, त्या घरात आता नाचणारा पुरुष नाही, जावयाला देवी घेता येत नाही, देवी पोश्याच्या घरी द्यावी. पोश्याला धडधाकट भाऊ आहेत, पोरं आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा वेळी मी मुखवटा टेबलावर ठेवायला जव्हारला पाठवला असता, तर लोक म्हणाले असते, घरच्यांनीच देवी सोडली. म्हणून नाही म्हटलं.

बायका पंचांत बोलत नाहीत. पण तुझं पत्र आलं आणि मी परवा गेले. उभी राहिले. म्हटलं, आमच्या घरात पुरुष आहे.

कोणीतरी म्हणालं, "त्येचा पाय?"

तेवढ्यात संबळ वाजवणारे सावळाबाबा कोपऱ्यातून बोलले. डोळ्यांनी अधू झाले आहेत, पण आवाज तोच आहे. म्हणाले, "शेवटच्या बोहाड्याला हिच्या बापाचा गुडघा मडक्यावानी सुजलेला. पाय टाकवत नव्हता. कोनाला कळला का? नाय कळला. कारन मी ठोका मागं घेतला. पाय जसा पडल तसा संबळ वाजतो. संबळ आदी आन पाय मंग, असा नसतो कवाच."

पंच म्हणाले, मास्तराला होळीला येऊ दे, अंगणात देवी घेऊन दाखवू दे, मग बघू.

बाने तुला शाळेत घातलं तेव्हा त्याच्या मनात काय होतं, मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? एवढं ठाऊक आहे की तुला सोडून तो परत आला आणि आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं.

येणार असशील तर लिही. येणार नसशील तरी लिही. मी तोंड वर करून "आहे" म्हणाले आहे.

राही

*

जव्हार
ता. २८ जानेवारी

ती. राहीताईस,

उत्तराला उशीर झाला. मेळ्याच्या गडबडीत होतो हे खरं, आणि काय लिहावं ते सुचत नव्हतं हेही खरं.

मेळा असा झाला की जव्हारने कधी पाहिला नसेल. सकाळी झेंडावंदन झालं आणि मग गावागावाचे लोक वाजतगाजत आले. वांगणीचे, वावरचे, खोडाळ्याचे, मोखाड्याचे. आपल्या पाड्याच्या तारप्याने तर मैदान डोक्यावर घेतलं. नाचाचा गोल धरला तेव्हा कापडवाल्यांच्या सुना माडीवरून बघत होत्या, आणि थोड्या वेळाने त्यातल्या दोघी खाली येऊन साखळीत शिरल्या! संस्थानचे म्हातारे चोपदार जुनी जरीची पगडी घालून आले होते. वांगणीचे लोक चिखलात सापडलेला वीरगळ बैलगाडीत घालून आले. कोणी म्हणालं, हा कुठल्या राजाचा? त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "राजाचा नाय, आमचा हाय."

आता माझं ऐक. दुपारी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. वकीलसाहेब समोर बसले होते. त्यांनी मोठ्याने विचारलं, "चिटणीस, तुमची ती देवी कुठे आहे?" मी म्हटलं, "देवी तिच्या जागी आहे. मेळ्याला आपण सगळे आलो, तिला बोलावून ती येत नसते. पाहायची असेल तर चैत्रात आमच्या उंबरपाड्याला या. सगळ्यांना आमंत्रण आहे."

टाळ्या पडल्या. हेडमास्तर उठून म्हणाले, मी येणार. मग शाळेतले सगळेच म्हणाले. चोपदारही म्हणाले. ताई, मी सगळ्या जव्हारला जेवायला बोलावून बसलो आहे, आणि वाढणार कोण त्याचा पत्ता नाही. देवी कोण घेणार ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मुखवटा किती जड असतो ग? मला आठवतं ते लहानपणचं, तेव्हा सगळंच जड होतं. तानीने परवा माझ्या डोक्यावर जात्याची वरची तळी चढवली आणि परसात चालायला लावलं. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "मास्तरांना शिक्षा झाली का?"

होळीला येतो.

रघू

*

उंबरपाडा
ता. १२ फेब्रुवारी

चि. रघूस,

ये. आलास की सगळं बोलू. थोडं आधी कळवते.

मुखवट्याचं ओझं डोक्यावर नसतं, मानेवर असतं. मागे बांबूची कमान बांधतात, ती वाऱ्याने ओढते. म्हणून दोन माणसं दोन अंगांना धरून चालतात. उजव्या अंगाला दाजी धरतील. डाव्या अंगाला कोण, ते अजून ठरलं नाही. तुझा पाय त्या बाजूचा, म्हणून तिथे माणूस भक्कम पाहिजे.

मुखवटा मी कणगीतून काढला. एका कानाला वाळवी लागली होती, पण वरच्यावर. दाजींनी खरवडून लाकडाचा तुकडा बसवला. मी गेरू लावला. डोळ्यांचं काळं अजून तसंच आहे, बाने शेवटी लावलेलं. त्याला हात लावला नाही.

पोश्या माझ्याशी बोलत नाही. विहिरीवर त्याची बायकोही तोंड फिरवते. त्यांना देवी मिळणार म्हणून त्यांनी घर सारवून, ओटा वाढवून ठेवला होता. त्यांचंही चुकलं नाही.

जात्याची तळी पायावर पाडून घेऊ नकोस.

राही

*

जव्हार
ता. १३ मार्च

ती. राहीताईस,

मी सुखरूप पोचलो. हनुवटीवर पट्टी आहे. वर्गात सांगितलं, पायरीवरून पडलो. पोरांनी विश्वास ठेवला. तानीने ठेवला नाही, मग तिला खरं सांगितलं.

ताई, देवी पोश्याच्या घरी जाऊ दे.

तू काही म्हणू नकोस, आधी वाच. सकाळी अंगणात पंच बसले, तू मुखवटा बांधलास, सावळाबाबांनी संबळ धरला, आणि थोडा वेळ मला खरंच वाटलं की जमतं आहे. पाय पडत होता, ठोका त्याच्याबरोबर येत होता. मी घाबरलोही नव्हतो. मग तुळशीपाशी वळायला गेलो, कमानीने वारा घेतला, आणि तुम्ही सगळ्यांनी पाहिलं ते झालं. उठलो तेव्हा अंगणात कोणी बोलत नव्हतं. ती शांतता माझ्या अजून कानात आहे. मी मुखवटा तुझ्या हातात दिला आणि तडक मोखाड्याची वाट धरली. निरोपसुद्धा घेतला नाही, त्याबद्दल रागावू नकोस.

मी पडलो तर काही नाही. मला सवय आहे. पण चैत्रात सगळ्या पाड्यासमोर, जव्हारच्या लोकांसमोर, आपल्या घरची देवी पडली असं व्हायला नको. पोश्याचा भाऊ तगडा आहे. त्याला दे. जव्हारच्या लोकांना मी घेऊन येतो आणि बाजूला उभा राहून माहिती सांगतो. मला तेच येतं.

रघू

*

उंबरपाडा
ता. २० मार्च

चि. रघूस,

तुझं पत्र वाचलं आणि खाली ठेवलं, तेवढ्यात पोश्या दारात आला. होळीपासून पहिल्यांदाच. मी बस म्हटलं नाही. तो आपणच ओट्यावर बसला. म्हणाला, "मास्तराचा काय सांगावा?"

मी म्हटलं, "तुमच्या मनासारखं झालं. देवी तुमच्याकडे द्या म्हणतोय."

तो म्हणाला, "ताय, मी त्या दिवशी म्होरंच बसलो होतो. मानूस पडाय लागला का हात जमिनीला टेकवतो. कोनीबी टेकवतो. त्यानं नाय टेकवलं. दोन्ही हातांनी मुखवटा धरला आन वर उचलला. सोताचा त्वांड आपटून घेतला दगडावर. देवीला माती नाय लागली, बघितलास का तू?"

मी बघितलं नव्हतं, रघू. मी तुझ्या हनुवटीचं रक्त बघत होते. पण मुखवटा आत नेला तेव्हा तो स्वच्छ होता, हे मला आत्ता आठवलं.

पोश्या म्हणाला, "माझा भाव तगडा हाय. पन तो पडता तं त्यानं हात टेकवलं असतं. मीबी टेकवलं असतं. कालच्याला पंचांना सांगून आलो, देवी त्येंच्या घरची हाय, त्येंच्याच घरी र्‍हाईल."

मी आत जाऊन पाणी आणून दिलं. पाणी पिऊन तो उठला आणि जाता जाता म्हणाला, "मास्तराला लिव. तो पडला कारन डाव्या अंगाला कोन नव्हता. म्होरल्या टायमाला मी हाय."

अंगणात कोणी बोललं नाही असं तू लिहितोस. ते सगळे लाजून गप्प बसले असं तुला वाटलं. ते तसं नव्हतं. पण तू थांबलाच नाहीस, तर तुला कळणार कसं?

चैत्री पुनवेनंतर सोंगं निघतील. देवीच्या आदल्या दिवशी उपास कर आणि चपला घालू नकोस. सगळ्या जव्हारला घेऊन ये. तांदूळ सगळ्या पाड्याने काढून ठेवले आहेत.

राही

*

उंबरपाडा
ता. १८ एप्रिल

चि. रघूस,

अंगावरून देवी उतरली आणि तू भिंतीकडे तोंड करून बसलास. हेडमास्तरांची गाडी सुटत होती म्हणून उठलास आणि गेलास. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. पाय दुखावला का? की माझं काही चुकलं? तेव्हापासून मनाला चैन नाही.

तुला मुखवट्यातून काय दिसलं असणार? म्हणून बाहेर काय झालं ते मी लिहिते.

आधी पोरांनी येऊन सांगितलं, खिंडीतून माणसं येत आहेत. मी म्हटलं, पाच-दहा असतील. वर जाऊन बघते तर रांग संपेना. बैलगाड्या, सायकली, पांढऱ्या टोप्या, तुझी शाळेतली पोरं दोन-दोनच्या ओळीत. आणि सगळ्यांच्या पुढे ते जरीच्या पगडीचे म्हातारे चोपदार. एवढा चढ ते कसे चढले देव जाणे. खोडाळ्याची माणसं आली, वांगणीची आली, ठाण्याकडे कामाला गेलेली आपली पोरंही आली. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. आल्या आल्या त्यांनी टेंभे आणि सोंगं हातात घेतली.

देवीच्या सकाळी तांबडं फुटलं तेव्हा सगळे अंगणाबाहेर उभे होते. तू उंबरठ्याबाहेर पाय टाकलास, उजवा. मग डावा. सावळाबाबांनी ठोका धरला. असा ठोका आम्ही कोणी आधी ऐकला नव्हता. लांब आणि आखूड, लांब आणि आखूड, मध्ये एक दम घेतल्यासारखा. पहिल्यांदा तो कानाला वेगळा लागला. घरोघर आरत्या घेत तू देवळापर्यंत गेलास तोवर सगळ्यांच्या अंगात तोच ठोका भरला होता. बायका तशाच डुलत होत्या. मागून चालणारी पोरं डावा पाय थोडा ओढत चालत होती. चेष्टा नव्हती रे ती. देवी अशीच चालते, असं त्यांना वाटत होतं. ज्यांनी देवी पहिल्यांदाच पाहिली, त्यांची देवी आता कायम अशीच चालणार.

पोश्याने तुला एकदाही सोडलं नाही. तुळशीच्या वळणावर त्याने पाय रोवून कमान खांद्याने अडवली, तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा मी पाहिल्या. त्याची बायको माझ्याजवळ उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला आणि तू वळून सरळ होईपर्यंत सोडला नाही.

मग चोपदार पुढे झाले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी काठी आपटली, आणि दरबारात राजाची स्वारी निघताना देत तशी ललकारी दिली, आपल्या देवीला! आपल्या पाड्यावर! सगळ्या डोंगरात आवाज घुमला. बुधीचा सासरा लहान पोरासारखा रडत होता. तुझ्या वकीलसाहेबांनी बूट काढून हातात घेतले होते, ते घेऊनच त्यांनी नमस्कार केला, मग लाजून बूट खाली ठेवले आणि परत केला.

जेवायला किती पानं उठली ते कोणाला सांगता येणार नाही. तांदूळ पुरले. डाळ संपली तेव्हा खोडाळ्याच्या वाण्याने आपण होऊन पोतं पाठवलं. हेडमास्तर पंगतीत पंचांच्या शेजारी बसले होते आणि सोंगांची नावं विचारून विचारून पाठ करत होते.

पंच संध्याकाळी येऊन बसले. सगळ्यात म्हाताऱ्याने मला विचारलं, "पुढल्या वर्षी मास्तर येल ना?" विचारलं, रघू. सांगितलं नाही, विचारलं.

आता तू लिही. गप्प का गेलास?

राही

*

जव्हार
ता. २५ एप्रिल

ती. राहीताईस,

तुझं काही चुकलं नाही. पायही बरा आहे. तानी रोज तेल लावते.

मुखवट्याच्या डोळ्यांच्या फटी खाली वळलेल्या आहेत. आतल्या माणसाला समोरचं काही दिसत नाही, स्वतःपुढची हातभर जमीन तेवढी दिसते. बाने मला हे कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा तू लिहिलेली खिंडीतली रांग, वकीलसाहेबांचे बूट, चोपदारांची काठी, यातलं मी काही पाहिलं नाही. ललकारी ऐकली, पण ती कोणासाठी हे मला कळायला वेळ लागला. मला दिसले ते फक्त पाय आणि हात.

लोक दर्शनाला वाकत होते. तुला ठाऊक आहे, पुरा नमस्कार करायला जागा नसते, म्हणून जो तो जवळचा पाय धरतो. उजवीकडे दाजी मध्ये उभे होते. पोश्या कमान धरायला थोडा मागे सरला होता. म्हणून पुढे झाला तो डावा पाय.

ताई, हा पाय मी आयुष्यभर धोतराच्या सोग्याखाली ठेवला. वर्गात टेबलामागे ठेवला. लग्नात बोहल्यावरसुद्धा तो मागे घेऊन उभा होतो. आणि त्या सकाळी मला खाली दिसत होतं की माणसं येत आहेत आणि त्याला हात लावून तो हात कपाळाला लावत आहेत. शेणाने भरलेले हात, शाईने भरलेले हात. त्यातली शाई मी ओळखली, माझ्या चौथीच्या वर्गातल्या पोराची होती. एका बाईने तान्हं मूल आणून त्याचं डोकं त्या पायावर टेकवलं. मला वाटलं ओरडून सांगावं, अगं, हा नव्हे, दुसरा चांगला आहे. पण देवी बोलत नसते. मी उभा राहिलो. आणि उभा राहता राहता माझ्या मनातून दुसरा पाय आणि हा पाय हा फरकच निघून गेला.

मग एक हात आला, मनगटावर गोंदलेली तुळस असलेला. मोठ्या बहिणीने धाकट्या भावाच्या पायाला हात लावायचा नसतो. तू देवीच्या पायाला लावलास हे मला कळतं. पण तो हात इतरांपेक्षा जास्त वेळ तिथे राहिला हेही मला कळलं.

म्हणून बोललो नाही. बोललो असतो तर रडलो असतो, आणि अंगावर तेव्हा अजून देवीचं लुगडं होतं.

पंचांना सांग, येईन. दरवर्षी येईन. सावळाबाबांच्या नातवाला तो ठोका शिकवून ठेवायला सांग. पोश्याला माझा नमस्कार सांग, त्याच्या बायकोलाही.

सोमवारी शाळेत गेलो ते धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, उन्हातून, बाजारपेठेच्या मधल्या रस्त्याने.

तुझा,
रघू